माडी फक्त माळकऱ्यांना

सांगलीत पाच खोल्यांची माडी भाड्यानं घ्यायचं खूळ लालासाहेबाच्या डोक्यात इटलीनं भरवलं. लढाईत तो हवालदार होता, पण बंदुकीपेक्षा त्याचा सगळा वेळ पोत्यांची राखण करण्यात गेला. त्याच्या कोठारासमोर तिथल्या एका वकिलाचं घर होतं. त्या घराला पडदे होते. बसायची खोली वेगळी, जेवायची वेगळी, निजायची वेगळी. लढाई संपली, लालासाहेब धडधाकट परत आला, इस्लामपूरजवळच्या आपल्या खेड्यात घराच्या उंबऱ्याआत पाऊल टाकलं आणि त्याला म्हशीचा वास आला. ज्या वासात जन्म काढला तो त्याला त्या दिवशी पहिल्यांदा जाणवला. घरी ऊस होता, दूधदुभतं होतं, आई बनुबाईचा दरारा होता आणि बायको होती. बायकोचं नाव राहीबाई. ही गोष्ट तिची आहे, पण आपल्याकडे बाईची गोष्ट नवऱ्यापासून सुरू करावी लागते, त्याला इलाज नाही.

राहीबाई अंगानं किडकिडीत, कामाला खमकी आणि बोलायला भित्री. माहेरी कुणी उरलं नव्हतं, त्यामुळे रुसून जायलाही तिला जागा नव्हती, आणि सासरच्या माणसांना हे चांगलं ठाऊक होतं. तिला दोन मुलं झाली आणि दोन्ही गेली. पहिली मुलगी रांगायला लागल्यावर तापानं गेली. दुसरा मुलगा लालासाहेब रजेवर येऊन गेल्यावर झाला आणि बापानं तोंड बघायच्या आत मातीत गेला. गावानं त्याचं कारण शोधून काढलं. लालासाहेबाच्या वडलांनी घरापुढं नवा सोपा बांधला तेव्हा जागेवाल्याला कोंबडं दिलं नव्हतं, आणि दोन्ही मुलं त्याच सोप्यात गेली होती.

जागेवाला म्हणजे जागेचा खरा धनी. घर कुणी बांधो, भाडं कुणी खावो, त्याचा हक्क सगळ्यांच्या आधीचा. उंबऱ्यावर कोंबडं कापून रक्ताचा थेंब दाखवायचा, शिजवून निवद ठेवायचा, मगच तिथं संसार मांडायचा. नाहीतर तो आपलं आपण घेतो, आणि घेताना घरातलं लहानात लहान बघून घेतो. राहीबाईला हे कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. तिनं दोनदा दिलं होतं.

माधवनगरच्या एका गिरणीत लालासाहेबाला कोठीवर नोकरी लागली. गिरणीच्या चाळीत खोली मिळत होती. ती नको म्हणून त्यानं सांगितलं. चाळीत पडदे लावायचे तरी कुठं? त्याला हवा होता ब्लॉक. तो शब्द तो असा उच्चारायचा की ऐकणाऱ्याला वाटावं, ह्याला बढती मिळाली. लढाई संपल्यावर सांगलीत जागेचा असा दुष्काळ पडला होता की लोक सावकाराच्या पडवीत बिऱ्हाडं थाटत होते, आणि हा गडी पाच खोल्या शोधत फिरत होता. त्याला त्या सापडल्याही. हळदीचे व्यापारी नेमाण्णा यांनी नवी इमारत बांधली होती. खाली त्यांचं कुटुंब, मागं हळदीचं गोदाम आणि वर अख्खी माडी रिकामी.

नेमाण्णा सरळ माणूस. फाटकातच त्यांनी अट सांगितली. मांसमच्छी खाणाऱ्याला जागा द्यायची नाही. आमच्या घरात अंडं आलेलं नाही आणि आमच्या डोक्यावर ते शिजलेलं आम्हाला चालायचं नाही. मराठ्याला द्यायला हरकत नाही, पण माळकरी असला तर.

"तसं आसंल तर आमचंच घर हाय म्हना की," लालासाहेब म्हणाला. "तीन पिढ्या माळ हाय आमच्यात. आज गळ्यात न्हाई, कारन दोरा तुटला."

दुसऱ्या दिवशी तो देवळाजवळच्या दुकानातून तुळशीच्या दोन माळा घेऊन गावी आला. एक त्याच्या गळ्यात आधीच होती. दुसरी त्यानं राहीबाईपुढं धरली. तिला तेव्हा नुकतेच दिवस गेले होते आणि त्याची खबर घरात फक्त सासूला होती.

"आवं, माळ आशी घालत न्हाईत," राहीबाई म्हणाली. "कुना मोठ्या मानसाच्या हातनं घ्यायची आसती. घेतली की पाळाय लागती."

"मग माझ्या हातनं घे. मी काय बारका हाय व्हय?"

"खोटी माळ गळ्यात घालून पोटात जीव वाढवू?"

अशी ती खबर त्याला कळली. तो खूश झाला. माणूस खूश झाला की ऐकून घेतो असं राहीबाईला वाटलं, म्हणून तिनं लगेच दुसरं सांगितलं. निदान नव्या जागेत उंबऱ्यावर कोंबडं द्यावं, दोन गेल्यात, हे तरी राहू दे. लालासाहेब हसत सुटला.

"गळ्यात माळ आन हातात कोंबडं? आगं, तिकडं येवढे बाँब पडले, पडलेल्या घरांत आमी म्हयना-म्हयना ऱ्हायलो. कुटला जागेवाला आला न्हाई मला इचारायला." मग त्यानं स्वतःच्या हातानं तिच्या गळ्यात माळ घातली, आणि घालताना ती तिच्या केसांत अडकली तेव्हा ओढली.

माडी बघून राहीबाई उंबऱ्यातच थांबली. गुळगुळीत फरशी, भिंतीला रंग, छताला लोंबणारा विजेचा दिवा. सामान म्हणावं तर दोन ट्रंका, एक खाट, भांड्यांचं एक पोतं. ते सगळं एका खोलीत मावलं आणि चार खोल्या तशाच राहिल्या. चुलीपाशी भांडं पडलं तर पुढच्या खोलीत आवाज घुमायचा. लालासाहेबानं पहिल्याच आठवड्यात पडदे आणले, मग वेताच्या खुर्च्या, मग एक जुना ग्रामोफोन. गिरणीचे साहेब लोक घरी यायला हवेत, चहा प्यायला हवेत, मग हवालदाराचा मॅनेजर व्हायला कितीसा वेळ, असा त्याचा हिशोब होता. राहीबाईला त्या खुर्च्यांवर बसायची परवानगी नव्हती. ती पुसायची.

तिला माणूस मिळालं ते खालच्या मजल्यावर. नेमाण्णांच्या आईला सगळे काकी म्हणायचे. म्हातारी कडक होती, पण पोटुशी बाई बघितली की विरघळायची. पाण्याचा नळ खाली होता. काकी राहीबाईला हंडा उचलू देत नसत, गड्याला हाक मारत. गूळ, डिंक, तूप असं काहीतरी तिच्या पदरात टाकत आणि वर म्हणत, "माळ घातलेली लेक हाय, तुला देताना आमच्या मनात काय येत न्हाई." ते ऐकलं की राहीबाई हातातला गूळ तसाच पदराला बांधायची. इतक्या मायेनं तिच्याशी जन्मात कुणी बोललं नव्हतं, आणि ती माया त्या खोट्या माळेच्या नावावर जमा होत होती.

पोट दिसायला लागलं तशी तिला स्वप्नं पडू लागली. ती कुणाला सांगण्यासारखी नव्हती. तिनं गावाकडच्या माणसाबरोबर सासूला एवढाच निरोप धाडला, की इथं चूल मांडली, पण जागेवाल्याचं काही झालं नाही.

बनुबाईला जास्त सांगावं लागलं नाही. नातवाची तिलाही भूक होती. एक दिवस लालासाहेब गिरणीत आणि नेमाण्णा बाजारात असताना ती सर्व्हिस मोटारीनं येऊन दाखल झाली. डोक्यावर पाटी, पाटीत वर गवारीच्या शेंगा आणि खाली चोच दोऱ्यानं बांधलेला कोंबडा. जिना चढताना तिनं काकींना रामराम घातला, शेंगांतली मूठभर काढून दिलीसुद्धा. राहीबाईनं पाटी उतरवली आणि तिला इतकं हलकं वाटलं की ती सासूच्या पाया पडली.

मधल्या खोलीच्या उंबऱ्यावर बनुबाईनं हळदकुंकू वाहिलं, विळ्यानं काम उरकलं. फरशीवरचं रक्त पाण्यानं धुऊन काढलं. राहीबाईनं आपली माळ काढून खुंटीला टांगली होती. ती म्हणाली, "आत्याबाई, शिजवाय नगं. वास जाईल खाली."

"कच्चं कवा खाल्लंय त्यानं? निम्मं केलं तर केल्याचं पुन्य न्हाई आन न केल्याचं पाप हाय ते हायच."

शिजवलं. वास झाकायला राहीबाईनं खोबरं जाळलं, कांदा करपवला, उदबत्त्या लावल्या. व्हायचं तेच झालं. सगळे वास एकमेकांच्या गळ्यात गळे घालून जिन्यानं खाली गेले. निवद दाखवून झाल्यावर बनुबाईनं उरलंसुरलं, पिसं, हाडं, सगळं पाटीत भरलं, वर लुगडं टाकलं आणि दुपारच्याच गाडीनं गाव गाठलं. सून तिथं एकटी राहतेय, विचारणारे तिला विचारणार आहेत, हे तिच्या ध्यानात आलं नाही असं म्हणवत नाही. बनुबाईच्या ध्यानात सगळं यायचं.

लालासाहेब गिरणीतून आला, त्यानं वास घेतला, राहीबाईच्या तोंडाकडं बघितलं आणि त्याला कळलं. त्यानं तिला मारलं नाही. पोटात त्याचा वंश होता. त्यानं फक्त खुंटीवरची माळ काढली आणि परत तिच्या गळ्यात घातली. एवढ्यात दारावर थाप पडली. नेमाण्णा आणि त्यांच्यामागं काकी. नेमाण्णांच्या तळहातावर तांबूस रंगाचं एक पीस होतं.

"जिन्यात मिळालं," ते म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. "आई म्हनती वासबी आला. मला काय भांडायचं न्हाई हवालदार. आसं काय झालं आसंल तर सांगा. आठ दिसांत जागा सोडा. झालं न्हाई म्हना, तर तुमचा शब्द मी मानतो."

"पीस चिमनीचंबी आसतंय आण्णा. वास हिनं कांदा करपवला त्याचा."

काकी पुढं झाल्या. "मी तुला इचारत न्हाई बाबा. तिला इचारती. ती खोटं बोलायची न्हाई."

सगळे राहीबाईकडं बघायला लागले. तिच्या मनात आलं होतं, खरं सांगून टाकावं. ही माडी गेली तर गेली. खुर्च्या गेल्या, पडदे गेले, तिचं त्यात काय जाणार होतं? गावी म्हशीच्या वासात पोर वाढलं तरी तिला चाललं असतं. ती बोलणार तेवढ्यात लालासाहेब बोलला.

"ती शपतच घेती की. नुस्तं सांगून कशाला? राही, पोटावर हात ठेव. ठेव हात. सांग काकींना, ह्या पोटातल्या जिवाची शपत, आमच्या घरात कवा जीव कापला न्हाई, आन ही माळ खरी हाय."

काकीसुद्धा चपापल्या. "न्हाई रं, येवढं नगं," त्या म्हणाल्या. पण लालासाहेबाला कळलं होतं की हा घाव बसला की पुढं कुणी कधी संशय घेणार नाही. साहेबांच्या चहापासून मॅनेजरकीपर्यंतचा सगळा जिना त्याला त्या हाताखाली दिसत होता. त्यानं राहीबाईचं मनगट धरलं, तिचा हात उचलला आणि तिच्या पोटावर ठेवला. धरायला नुसतं धरलं होतं, पण बोटं अशी रुतली होती की दुसऱ्या दिवशी तिथं काळंनिळं झालं.

राहीबाईनं शपथ घेतली. त्यानं सांगितलं ते सगळं तिनं मागून म्हटलं. म्हणताना पोटातलं बाळ हललं. तिला ते हाताला लागलं.

नेमाण्णांनी हात जोडले. काकींच्या डोळ्यांत पाणी आलं. "माझंच चुकलं बाई," म्हणून त्यांनी राहीबाईच्या तोंडावरून हात फिरवला. त्या दिवसापासून त्यांनी तिच्यावर कधी शंका घेतली नाही, आणि राहीबाईनं त्या दिवसापासून त्यांच्या डोळ्याला डोळा दिला नाही.

शपथ सुटते. हेही तिच्या गावाकडं सगळ्यांना ठाऊक असतं. ज्याच्यापुढं घेतली त्याच्यापुढं जाऊन खरं सांगायचं, पाया पडायचं, की ती उतरते. राहीबाईनं ते नवऱ्याला एकदा सांगून बघितलं.

"शपत म्हंजे नुस्तं तोंडचं वारं," लालासाहेब म्हणाला. "मी पल्टनीत कितीदा खोट्या शपता घेतल्या. कोट चोरीला गेलं, पेट्या गेल्या, दर बारीला शपत. काय झालं मला? आडानीपना सोड. आपन आता ब्लॉकात ऱ्हातो."

ती स्वतः काकींच्या दारापर्यंत दोनदा गेली. दोन्ही वेळा काकींनी तिला आत ओढून बसवलं, खायला घातलं, पाय सुजलेत का बघितलं. इतक्या मायेपुढं तिचं तोंड उघडलं नाही. भित्र्या माणसाला राग सोसतो, पण माया मोडायचा धीर होत नाही. बाळ झाल्यावर सांगू, असं तिनं ठरवलं. हातीपायी सुटले की सांगू.

मुलगा झाला. गुटगुटीत, रडायला दणदणीत. बनुबाई बाळंतपणाला आली ती पुढं तिथंच राहिली. लालासाहेबानं बारसं थाटात केलं, नाव सयाजी ठेवलं, गिरणीत पेढे वाटले. राहीबाई पोराला छातीशी धरून बसायची आणि त्याच्या श्वासावर लक्ष ठेवायची. ते हसायला लागलं, मूठ तोंडात घालायला लागलं. मग तिलाही वाटायला लागलं, की कोंबडं पोचलं असेल, शपथ चुकली असेल, कुणीतरी आपल्यावर दया केली असेल. महिन्यामागून महिना गेला आणि सांगायचं राहून गेलं.

पावसाळ्याच्या तोंडाला सांगलीत पोरांना जुलाब लागले. सयाजीलाही लागले. लालासाहेबानं डॉक्टर आणला, बाटली आणली, ह्यात त्यानं कसूर केली असं कुणी म्हणणार नाही. पण पोराचे डोळे खोल गेले आणि ते दूध ओढेनासं झालं, तेव्हा राहीबाई उठली. आज खाली जायचं. काकींच्या पायांवर पोर घालायचं आणि सांगायचं.

नेमका त्याच दुपारी गिरणीचा मोठा साहेब बायकोला घेऊन चहाला येणार होता. त्यासाठी लालासाहेब कित्येक आठवडे त्याच्या मागं लागला होता. कपबशा मांडल्या होत्या, पडदे धुतले होते. राहीबाई पोराला घेऊन जिन्याकडं निघालेली त्यानं बघितली.

"कुटं?"

"काकींकडं. शपत सोडवून येती. जाऊ द्या मला. येवढंच जाऊ द्या."

"आज? खाली जाऊन सांगनार, आन नेमाण्णा त्या सायबाच्या देखत माझा बिस्तारा रस्त्यावर टाकनार?"

"पोर जातंय आवं."

"डाक्टरानं सांगितलंय, उतार पडंल. सायेब जाऊ देत, मग जा कुटं जायचं तिथं."

ती ऐकेना. तिनं पहिल्यांदाच त्याचं ऐकलं नाही. तेव्हा त्यानं तिला दंडाला धरून मागच्या खोलीत ढकललं, बाहेरून कडी घातली आणि आईला दारापाशी बसवलं. बनुबाई शपथ मानणारी बाई होती. नातू कशानं चाललाय ह्याबद्दल तिच्या मनात शंका नव्हती. पण सून खाली जाऊन खरं बोलली असती, तर कोंबडं कुणी आणलं हेही बोलली असती, आणि म्हातारीला खालच्या लोकांपुढं ते नको होतं. ती दाराला पाठ लावून बसली.

"आत्याबाई, कडी काढा. तुमचा नातू हाय."

"सायेब जाऊ दे."

"दूध घेत न्हाई वो."

"गप ऱ्हा. भाईर ऐकू जाईल."

राहीबाईनं दार वाजवलं. मग दोन्ही मुठींनी वाजवलं. पुढच्या खोलीत साहेबाच्या बायकोनं विचारलं, कसला आवाज? गोदामात काम चालतं, असं लालासाहेबानं सांगितलं आणि ग्रामोफोन लावला. साहेबाला गाणं आवडलं. त्यानं पुन्हा लावायला सांगितलं. पाहुणे दुसरा कप चहा घेऊन, जागेची तारीफ करून गेले. एवढी हवा, एवढा उजेड, सांगलीत अशी जागा बघायला मिळत नाही, असं साहेबाची बायको म्हणाली. लालासाहेब त्यांना फाटकापर्यंत पोचवून वर आला तेव्हा त्याच्या तोंडावरचं हसू तसंच होतं. बनुबाईनं कडी काढली.

राहीबाई भिंतीला टेकून बसली होती. पोर मांडीवर होतं. आता खाली जायची घाई राहिली नव्हती. तरी ती गेली. मेलेलं पोर पदरात घेऊन ती जिना उतरली आणि काकींना तिनं सगळं सांगितलं. माळ, कोंबडं, शपथ, कडी. पण तिच्या मागोमाग लालासाहेब उतरला होता, आणि तो रडत होता. त्यानं नेमाण्णांना बाजूला घेतलं. पोराच्या दुःखानं हिच्या डोक्यावर परिणाम झालाय, म्हणाला, काहीबाही बोलतेय. नेमाण्णांनी मान हलवली. काकींनीही राहीबाईला जवळ घेतलं आणि थोपटलं. "हां बाई, हां," त्या म्हणत राहिल्या. एकानंही तिच्यावर विश्वास ठेवला नाही. खोटं बोलली तेव्हा दोघांनी लगेच मानलं होतं.

लालासाहेबानं तिला गावी आणून टाकलं. मॅनेजरकी मिळाली नाही, पण कोठीवरची मोठी जागा मिळाली. माडी त्याच्याकडंच राहिली. ती रिकामी बरी दिसत नव्हती. दिवाळीनंतर त्यानं भावकी बोलावली. साताऱ्याकडच्या एका सुभेदाराची शिकलेली मुलगी सांगून आली होती. एक बायको असताना दुसरी करायला बंदी आली होती, पण त्या कायद्याचं कुणी नाव काढलं नाही. पहिलीला टाकायचं तर कारण हवं, एवढंच चुलते हंबीरराव म्हणाले. चार माणसांत विचारलं जाईल.

राहीबाई आत भाकरी थापत होती. सोप्यातलं बोलणं तिला स्पष्ट ऐकू येत होतं.

"कारन हाय की," लालासाहेब म्हणाला. "बाई पोटावर हात ठिवून खोटी शपत घेती, तिच्या पोटी काय जगनार? माझा सोन्यासारखा पोरगा तिनं खाल्ला. आईला इचारा."

शपथ म्हणजे तोंडचं वारं म्हणणारा हाच तो. पल्टनीत दर बारीला खोटी शपथ घेऊन धडधाकट परत आलेला. आणि त्याच्या आवाजात नाटक नव्हतं हे त्यातलं सगळ्यात किळसवाणं. मूल गेल्यापासून त्याला ते खरंच पटायला लागलं होतं. गरज पडली की ह्या माणसाला काहीही पटायचं.

सोप्यात माना डोलल्या. हंबीरराव म्हणाले, हे कारण पुष्कळ झालं.

तेव्हा राहीबाई बाहेर आली. हाताला पीठ, पदर खांद्यावर. भावकीपुढं अशी ती कधी उभी राहिली नव्हती.

"शपत घ्याय कुनी लावली?" तिनं विचारलं. "माझं मनगाट कुनी धरलं हुतं? कडी कुनी घातली हुती? सांगा की. आत्याबाई, तुमी तरी सांगा. कोंबडं कुनी आनलं हुतं?"

कुणी तिच्याकडं बघेना. लालासाहेब जोड्याच्या टोकाकडं बघत राहिला. हंबीरराव पानाला चुना लावू लागले. सगळ्यांना वाटलं, आता बनुबाईची अडचण झाली. बनुबाईची अडचण झाली नव्हती. तिनं सुनेकडं शांतपणे बघितलं, आणि खरोखर समजूत घालावी तशा आवाजात म्हणाली,

"त्यानं ठेवाय लावला आसंल बाई. पन हात तर तुझाच हुता न्हवं?"

राहीबाईनं आपल्या पिठाच्या हाताकडं बघितलं. मग ती आत गेली. बैठक उठली, पानसुपारी झाली, तुळशीच्या लग्नानंतरची तारीख धरली. नवी नवरी सांगलीला गेली आणि तिनं माळ घातली की नाही, उंबऱ्यावर काय केलं, ह्याच्याशी आपल्याला काही करायचं नाही.

राहीबाई त्याच सोप्यात पुढं पुष्कळ वर्षं जगली. गोठा, शेत, भाकरी, सगळं तिनं ओढलं. तिला दोष दिला म्हणून मला वाईट वाटतं असं नाही, माणसं दोष देतच असतात. सगळ्यात वाईट हे, की म्हातारीचं बोलणं तिला पटलं. भावकीतलं एखादं तान्हं कुणी तिच्याकडं घ्यायला दिलं तर ती दोन्ही हात मागं घ्यायची आणि म्हणायची, नगं, माझ्या हाती देऊ नगा. लोकांनी मग द्यायचं सोडून दिलं.